आधी शाळेने परवानगी विचारावी

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद करायला लावली आणि आपल्याकडे लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, हेच हवे होते, उद्या इथेही करा. गोवा सरकारने तसा विचार चालू असल्याचे सांगितल्यावर तर या मंडळींना आणखी हुरूप आला. दुसरा तट म्हणतो, जग कुठे चालले आहे ते बघा, मुलांना मोबाईलपासून तोडाल तर ती मागे पडतील; फार तर शाळेत डिजिटल नागरिकत्वाचा, म्हणजे फोन-इंटरनेटवर जाणतेपणाने वावरण्याचा, एक तास ठेवा, सायबर पोलिसांचे एखादे व्याख्यान लावा, म्हणजे झाले. टीव्हीवरच्या चर्चांत, पालकसभांत आणि (गंमत म्हणजे) व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर हा वाद याच दोन वाक्यांभोवती घुटमळतो आहे. दोघांचा आवेश मोठा, पण ज्याच्याबद्दल भांडण चालले आहे त्या मुलाला या वादात जागाच नाही. पहिल्याला ते व्यसनी रोगी वाटते, दुसऱ्याला उद्याचा नोकरदार. ते आजच एका सार्वजनिक जागेत वावरते आहे, तिथे बोलते, ऐकते, फसते, फसवते, क्वचित गुन्हाही करते, याचा विचार करायला कोणाला सवड नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. डिजिटल नागरिकत्व शाळेतच शिकवायला हवे आणि पाचवीपासून शिकवायला हवे. त्याला वेगळा विषय, वेगळे पुस्तक, वेगळी वही नको. ‘काळजी घ्या’ छापाचे व्याख्यान तर नकोच नको. हे नागरिकशास्त्र आहे, म्हणजे त्यात हक्क आले, जबाबदारी आली आणि दाद मागायची जागाही आली. ज्या शाळेत विद्यार्थ्याचा फोटो, नाव आणि गुण विद्यार्थ्याला न विचारता ग्रुपवर पडतात, त्या शाळेने हा धडा शिकवायला उभे राहू नये. आधी शाळेने परवानगी विचारायला शिकावे.

बंदीवाल्यांचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. एका रीलनंतर दुसरे रील आपोआप सुरू होते ते योगायोगाने नव्हे. माणसाचा अंगठा थांबू नये यासाठी जगातली हुशार डोकी पगार घेऊन काम करत असतात, आणि त्यांच्यासमोर आपण बसवतो तेरा वर्षांचे पोर. पस्तीस मिनिटांचा एक तास या यंत्रणेला पुरा पडेल, असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. लहान वयात हे खातेच नको, हा मुद्दा म्हणूनच मला पटतो. पण ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट आपल्या चर्चेत हरवते. तिथला दंड, कमाल ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा, कंपनीला आहे. मुलाला किंवा पालकाला कसलीही शिक्षा नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी केली, तेव्हा बंदी कोणावर आली? कंपनीला त्याची कुणकुणही लागली नसेल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव या गावी संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला, की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. या उपक्रमाचे मला मनापासून कौतुक आहे, कारण तिथे मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा आहे. मात्र साडेआठला फोन पुन्हा सुरू होतो. त्यानंतर त्या फोनवर काय येते, आलेले खरे कसे मानायचे, नको ते आले तर कुठे जायचे, याचे उत्तर भोंग्याकडे नाही. आणि गावाने ते उत्तर भोंग्याकडे मागितलेलेही नव्हते.

बंदीचे आणखी एक गुपित आहे, ते घरोघरी ठाऊक असूनही चर्चेत येत नाही. बंदी सगळ्यांवर सारखी पडत नाही. मुलाच्या हातातून मोबाईल काढताना आई दमते, बाप ओरडतो, शेवटी तडजोड होते. मुलीच्या हातातला मोबाईल एका वाक्यात जातो. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलामुलींना स्वतःच्या फोनबद्दल विचारले होते. ३६.२ टक्के मुलांकडे तो होता, मुलींपैकी २६.९ टक्के जणींकडे. २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका समाजाच्या पंचांनी अविवाहित मुलींनाच मोबाईल बंद केला होता. मुलग्यांवर तसा निर्बंध नव्हता. आपल्याकडे असा ठराव कोणी लिहून काढत नाही इतकेच. ‘मुलांना मोबाईल नको’ हे वाक्य आपल्या घरात शिरले की त्याचे ‘मुलींना मोबाईल नको’ व्हायला कितीसा वेळ लागतो?

आता ‘एक तास ठेवा’ म्हणणाऱ्यांकडे वळू. यांच्या विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा शिक्षकांचा आहे, आणि तो शंभर टक्के खरा आहे. सरल, यू-डायस प्लस, शालार्थ या सरकारी ऑनलाइन प्रणालींत माहिती भरणे, हजेरीचे ॲप, पोषण आहाराची रोजची नोंद, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे. द्विशिक्षकी शाळेतला गुरुजी आधीच दिवसाचा निम्मा वेळ मोबाईलकडे बघत असतो आणि आपण त्यालाच सांगणार की मुलांना मोबाईलचे भान शिकव. शिवाय आपल्या शिक्षण व्यवस्थेचा इतिहास असा की चांगला विचार आत शिरला की त्याची वही होऊन बाहेर पडते. १९९७ मध्ये राज्यात मूल्यशिक्षण आले. दहा मूल्ये, परिपाठात त्यांची जागा, सगळे नीट ठरवलेले. आज परिपाठात काय उरले? सुविचार, दिनविशेष, बोधकथा. फळ्याच्या कोपऱ्यातला सुविचार रोज बदलतो आणि रोज न वाचता पुसला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण शिक्षणाचा आदेश दिला. त्याचे आपण अकरावी-बारावीला काय केले, ते प्रकल्पाच्या वह्या झेरॉक्सच्या दुकानात मिळायला लागल्या तेव्हाच कळले. पाण्याचे महत्त्व सांगणारा प्रकल्प मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवून काढायचा, बाहेर नळ गळत असतो, आणि श्रेणी ‘अ’.

म्हणून डिजिटल नागरिकत्वाला नवा विषय म्हणून आणू नका. ते आधीच पुस्तकात आहे, फक्त कोणी तिथे जाऊन दार ठोठावलेले नाही. बालभारतीच्या सातवीच्या इतिहासाचा पहिलाच धडा आहे ‘इतिहासाची साधने’. भौतिक, लिखित, मौखिक, आणि ती पारखून घ्यायची असतात. त्याच पुस्तकाच्या नागरिकशास्त्राच्या भागात संविधान आणि मूलभूत हक्क. दहावीच्या मराठीत बातमीलेखन आणि जाहिरातलेखन. गणितात शेकडेवारी आणि आलेख. खोटी बातमी ओळखायला याहून वेगळे काय लागते? बखर कोणी लिहिली, कधी लिहिली, कोणासाठी लिहिली, हे तीन प्रश्न विचारायला आपण मुलांना शिकवतो आणि मग हेच तीन प्रश्न हातातल्या फोनला विचारायचे नसतात, असेही न बोलता शिकवतो.

एका जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी हा प्रयोग पाहिला आहे. साधनांचा धडा झाला होता. बाईंनी मुलांना सांगितले होते की घरच्या फोनवर आलेला एक मेसेज वहीत जसाच्या तसा उतरवून आणा. एकाने आणलेला मेसेज तुम्हीही वाचला असेल: आज रात्री साडेबारा ते साडेतीन फोन बंद करून लांब ठेवा, पृथ्वीजवळून घातक वैश्विक किरणे जाणार आहेत, सिंगापूर टीव्हीने सांगितले आहे, खात्री करायची तर नासा आणि बीबीसी बघा. बाईंनी तो फळ्यावर लिहिला आणि गप्प उभ्या राहिल्या. आधी किरणांवरच चर्चा रंगली. मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “बाई, यात तारीखच नाही. आज रात्री म्हणजे कुठली रात्र?” वर्ग हसला. मेसेज आणणारा मुलगा हिरमुसला. तो म्हणाला, “पण माझ्या काकांनी टाकलाय. काका कशाला खोटं बोलतील?” इथे बाई चुकल्या असत्या तर सगळे मुसळ केरात गेले असते. त्या म्हणाल्या, “काकांनी लिहिलाय, का काकांकडे आलाय?” मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, “आलाय.” “मग लिहिला कुणी?” वर्गात कोणालाच सांगता येईना. बाईंनी फळ्यावर ‘लिहिणारा’ या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढले आणि ‘मौखिक साधने’ या मथळ्याकडे बाण ओढला. काकांचा मान राखला गेला, मुलाचाही राखला गेला, आणि तारीख नसलेला मेसेज कधीच शिळा होत नाही ही मेख वर्गाला आपली आपण सापडली. या सगळ्याला नवे पुस्तक लागले नाही, संगणक कक्ष लागला नाही, इंटरनेटही लागले नाही.

यावर एक खोचक आक्षेप येतो, आणि त्यात दम आहे. अफवा पसरवतात मोठी माणसे, मग शिकवणी मुलांना कशाला? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मंगळवेढा तालुक्यातून भिक्षा मागत आलेली ही माणसे आठवडी बाजारात उतरली होती. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारले गेले. मारणारे शाळकरी नव्हते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा तुकडा होता. मूल परत आणून सोडतात तो शेवट कापून टाकलेला. तेव्हा मोठ्यांना शिकवा, हे म्हणणे रास्तच आहे.

पण कोण शिकवणार आणि कुठे बसवून? चाळिशीच्या माणसासाठी आपल्याकडे शाळा नाही, असली तर तो जाणार नाही. केरळने याचे उत्तर उलट्या बाजूने शोधले. कन्नूर जिल्ह्यात २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीबद्दल व्हॉट्सॲपवरून इतक्या अफवा पसरल्या की पालक मुलांना लस द्यायला तयार होईनात. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी २०१८ मध्ये दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखण्याचे वर्ग सुरू केले. मला त्यामागचा हिशेब असा दिसतो की घरातला फोन बहुधा एकच, तो बापाचा, आणि त्यातले अडलेले काही सोडवायला बाप मुलालाच हाक मारतो. पुढे २०२४ मध्ये केरळने पाचवी आणि सातवीच्या माहिती-तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत बातमी तपासण्याचे धडे घातले. फिनलंडने तर २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात हे कौशल्य सगळ्याच विषयांत विणले. फिनलंडचे उदाहरण दिले की आपल्याकडे ‘तिथली लोकसंख्या किती’ असा प्रश्न येतो, म्हणून मी कन्नूर आधी सांगितले.

तंत्राने काय ते करावे, शाळा मध्ये कशाला, असेही म्हणतात. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले. दोन्ही पावले योग्य होती. पण त्याच एप्रिलच्या १६ तारखेला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे चोर आणि मुले पळवणारे आल्याच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. फोनने मर्यादा घातली तरी अफवेला तोंड असते आणि ते कोणत्याही कंपनीच्या ताब्यात नाही.

इथपर्यंत बहुतेक जण माझ्याबरोबर येतात. पुढे मात्र वाट अवघड होते, कारण डिजिटल नागरिकत्वाचे म्हणून जे काही शाळांत सध्या होते ते सगळे ‘नको’च्या यादीत संपते. ओटीपी सांगू नका, अनोळखी व्यक्तीला फोटो पाठवू नका, स्टेटस टाकताना जपा. यातले एकही चूक नाही. पण अनोळखी नसलेल्याने फोटो मागितला तर? फोटो मागणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो: वर्गातला, क्लासमधला, शेजारचा, कधी नात्यातला. तिथे व्याख्याते घसा खाकरतात आणि पुढच्या स्लाइडवर जातात, कारण पुढे बोलायचे तर शरीराबद्दल बोलावे लागते, आणि त्या विषयाशी आपले जुने वैर आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्यावरचे मासिक चालवले आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी, २००७ मध्ये, याच महाराष्ट्राने आमदारांच्या विरोधापुढे नमून शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. थांबवल्याने मुलांचे कुतूहल थांबले का? पुढच्या दहा वर्षांत स्वस्त डेटा आला आणि त्यांचा शिक्षक बदलला, एवढेच झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती पाहणे आणि जवळ बाळगणे याविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की मुलांना लैंगिक शिक्षण द्या आणि त्यात कायद्याचे परिणामही समजावून सांगा. पंधरा वर्षांच्या मुलाने वर्गातल्या मुलीचा खासगी फोटो मित्राला पाठवला तर तो माहिती तंत्रज्ञान कायद्याचे मुलांच्या अश्लील चित्रणाबद्दलचे कलम ६७ ब आणि पॉक्सो हा बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा यांच्या कक्षेत जाऊ शकतो, हे त्याला पोलीस ठाण्यात पहिल्यांदा कळावे, अशी आपली इच्छा आहे का?

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे हक्क. पालघरच्याच दोन तरुणींना नोव्हेंबर २०१२ मध्ये, मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने फक्त लाइक केले होते. त्यातून जो खटला उभा राहिला त्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा सांगणारे कलम ६६अ घटनाबाह्य ठरवले. महाराष्ट्रातल्या दोन मुली, एक लाइक आणि देशाचा कायदा बदलला, याहून चांगला धडा नागरिकशास्त्राला कुठे मिळणार? दुसऱ्या बाजूला जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आक्षेपार्ह स्टेटसवरून शहर पेटले आणि स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलेही निघाली. ही दोन्ही प्रकरणे एकाच तासाला वर्गासमोर ठेवायला हवीत. बोलायचा हक्क कुठपर्यंत, दुसऱ्याला चिथावणे कुठून सुरू होते, पोलीस काय करू शकतात, काय करू शकत नाहीत. यावर वर्गात मतभेद होतील, आवाज चढतील, शिक्षकाला घाम फुटेल. होऊ द्या. जे भांडण उद्या चौकात होणार आहे ते आज बाईंच्या देखरेखीखाली झालेले काय वाईट? फक्त जबाबदाऱ्या शिकवल्या तर मुले आज्ञाधारक होतात, आणि आज्ञाधारक माणूस काकांचा मेसेजही आज्ञा म्हणूनच पुढे पाठवतो.

आता मूळ मुद्दा. हे सगळे शिकवणारी शाळा स्वतः कशी वागते? नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने आदेश काढला की शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या गटांसोबत सेल्फी काढून सरलवर चढवायचे, म्हणजे गळती कळेल. मुलींचे फोटो कोणाच्या फोनमध्ये राहणार, असा प्रश्न शिक्षक संघटनांनीच विचारला आणि उपक्रम बारगळला. तेव्हा धडा घेतला म्हणावे, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत विद्यार्थी-पालकांनी सेल्फी काढून संकेतस्थळावर टाकायचे होते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपची माहिती कुलूप नसलेल्या सर्व्हरवर पडून असल्याचे उघड झाले. त्यात दहा लाखांवर शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती होती. यातल्या एकाही प्रसंगात मुलाने काही चूक केली नव्हती.

आणि हे सरकारपुरतेच असते तरी बरे. माझ्या ओळखीच्या एका घरात चौथीतल्या मुलीची गृहपाठाची वही अपुरी होती. वर्गशिक्षिकेने त्या पानाचा फोटो, वर मुलीचे नाव दिसेल असा, पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, ‘पालकांनी लक्ष द्यावे.’ तासाभरात सात अंगठे आणि दोन हात जोडलेले इमोजी आले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातली पोरे तिला त्या पानावरून चिडवत होती, म्हणजे फोटो घरोघरी पोचला होता. बाईंचा हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्याच शाळेत महिन्याभरापूर्वी ‘सायबर बुलिंग’वर भित्तिपत्रक स्पर्धा झाली होती आणि या मुलीला त्यात उत्तेजनार्थ बक्षीस होते. परवानगी कशी घ्यायची, फोटो काढून टाका असे कोणाला सांगायचे, चार लोकांत नाव घेताना काय जपायचे, हे तिला शाळेने कृतीतून काय शिकवले?

कायदा म्हणाल तर तो आला आहे, पण त्याची नजर तिरपी आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो. त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती हवी, त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, मोडले तर २०० कोटींपर्यंत दंड. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमही आले. कंपन्यांना वेसण घालायला हे उत्तमच. मात्र या नियमांत शैक्षणिक संस्थांना सवलती आहेत, आणि संमती पालकांची असल्याने सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या फोटोबद्दल कायद्याने मतच नाही. वर्षभरात तो मतदान करणार, सरकार निवडणार. सुट्टीच्या दिवशी अठरावा वाढदिवस आला की सोमवारी अक्कल येते, अशी आपली समजूत दिसते. बालहक्कांच्या ज्या संयुक्त राष्ट्र कराराला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली त्याचे बारावे कलम सांगते की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचे म्हणणे वयानुसार ऐकून घ्यायला हवे. ते ऐकण्याची सगळ्यात सोपी आणि बिनखर्चाची जागा शाळाच आहे.

शाळेने करायचे ते थोडके आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी एक पानी अर्ज: शाळा तुझे फोटो कुठे टाकू शकते? खाली दोन सह्या, एक पालकांची आणि पाचवीपुढच्या मुलांची स्वतःची. नाही म्हटले तरी चालते, नंतर मन बदलले तरी चालते, हे वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचे. गुण, वही, शिक्षा, फीची थकबाकी, यातले काहीही ग्रुपवर टाकायचे नाही. पालकांना फोन करायचा. दाद मागायला नवी समिती नको. तक्रारपेटी लावण्याचा आदेश २०१७ चा आहे, मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा २०२२ चा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना उघड झाल्यावर शोध घेतला तेव्हा किती शाळांत ही समिती कागदावरच होती ते सगळ्यांनी पाहिले. त्या तक्रारपेटीत ‘माझा फोटो काढून टाका’ ही चिठ्ठीही चालते असे जाहीर करा. सायबर फसवणुकीचा १९३० आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन नंबर भिंतीवर रंगवा, पण त्याआधी शाळेतल्या कोणत्या माणसाकडे जायचे त्याचे नाव रंगवा. ‘असर’च्याच अहवालात समाजमाध्यमे वापरणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ६२ टक्क्यांना एखादे खाते ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येत होते आणि ५५.२ टक्क्यांना आपले खाते खासगी करता येत होते. उरलेल्यांना ते शिकवायला एका तासाच्या वर वेळ लागत नाही. खरा वेळ लागतो तो रिपोर्ट केल्यावर कोणीतरी ऐकते, हा अनुभव द्यायला.

हे एका मुख्याध्यापकांशी बोललो तर ते म्हणाले, “तुमचं ऐकलं तर स्नेहसंमेलनाचा एक फोटो टाकता यायचा नाही. देणगीदार काय बघणार?” अडचण खरी आहे. विनाअनुदानित शाळेला देणगीदार लागतो आणि देणगीदाराला फोटो लागतो. पण फोटो टाकता येतातच. ज्यांनी होकार दिला त्यांचे टाकावेत, गटनृत्याचा लांबून काढलेला टाकावा, ज्यांनी नाही म्हटले त्यांचे छापून शाळेच्या अल्बमात ठेवावेत. मुख्याध्यापकांची खरी धास्ती वेगळीच होती, ती त्यांनी चहा संपता संपता बोलून दाखवली. अर्ज दिला आणि निम्म्या वर्गाने नाही लिहिले, तर? तर त्या निम्म्या वर्गाला बोलवून का ते विचारावे, आणि उत्तर ऐकताना फोन खिशात ठेवावा.